फॉरमॅट मारण्याआधी

प्रॅक्टिकल परीक्षा आठवड्यावर आली, की आमच्या लॅबच्या दारात लॅपटॉप छातीशी धरून उभी असलेली मुलं दिसायला लागतात. "मॅडम, लॅपटॉप गेला." त्याच्या आधी काय केलंस, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "काहीच नाही केलं." सातारा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर विभागाची लॅब असिस्टंट आहे. या 'काहीच नाही'त बरंच काही असतं, हे मला नोकरीने शिकवलं. गेमला जागा पुरेना म्हणून एखादं पार्टिशन उडवलेलं असतं, मित्राने सांगितलं म्हणून बायोसमधलं कुठलंसं सेटिंग बदललेलं असतं, नाहीतर अपडेट चालू असतानाच बॅटरी संपलेली असते. मुलं खोटं बोलत नाहीत. आपण परवा केलं ते आणि आज समोर दिसतंय ते, या दोन्हींचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही येत नाही.

यातले बहुतेक लॅपटॉप दोन ऑपरेटिंग सिस्टिमवाले असतात. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय सुरू झाला, की प्रॅक्टिकलला उबंटू हे लिनक्स लागतं. शेल स्क्रिप्ट, फोर्क, सेमाफोर हे सगळं तिथे करायचं. पण घरी तोच लॅपटॉप बहिणीला ऑनलाइन फॉर्म भरायला लागतो, भावाला टॅली शिकायला लागतो आणि स्वतःला गेम खेळायला. त्यासाठी विंडोज हवं. मग एकाच डिस्कवर दोन्ही. चालू केला की मेनू येतो, बाणाच्या बटणाने एक निवडायची. दोन लॅपटॉप घेणं कुणालाच परवडणारं नसतं.

ही सोय बिघडली, की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक जाणकार तयार असतो आणि त्याच्याकडे सगळ्यावर एकच उपाय असतो. फॉरमॅट मार. हा उपाय लागू पडतो, हीच त्यातली अडचण. तासाभरात विंडोज नव्याने पडतं, स्क्रीन उजळतो, जाणकाराचा मान वाढतो. तेवढ्या वेळात मिनी प्रोजेक्टचा कोड, सेमिस्टरभराची असाइनमेंट आणि मोबाइल भरला म्हणून लॅपटॉपवर उतरवून ठेवलेले ताईच्या लग्नाचे फोटो कायमचे जातात. खरं तर ते जायचं काही कारण नसतं. 'गेला' म्हणून आणलेल्या लॅपटॉपमधला डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. बिघडलेली असते ती फक्त सुरुवात.

ही सुरुवात किती लहान असते, ते सांगते. जुन्या बायोसवाल्या मशीनमध्ये डिस्कचा अगदी पहिला तुकडा ५१२ बाइटचा असतो. शेवटचे दोन बाइट म्हणजे ओळखीची खूण, त्याआधीच्या ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनांची नोंद आणि उरलेल्या ४४६ बाइटमध्ये मशीन सुरू करणारा पहिला प्रोग्राम. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत मराठीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एवढ्या जागेत मराठीची दीडशे चिन्हंसुद्धा मावत नाहीत. त्यामुळे हा प्रोग्राम स्वतः फारसं काही करत नाही, पुढचा प्रोग्राम उचलतो आणि बाजूला होतो. दोन सिस्टिम असतील तर हा पुढचा प्रोग्राम बहुधा ग्रब असतो. ग्रबचा मेनू आणि बाकीच्या फायली मात्र लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतात.

गोची इथेच होते. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही, त्यामुळे त्याच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते नाव नसलेला, कुणाचाच नसलेला पट्टा म्हणून दिसतं. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाला गेमसाठी जागा हवी होती. त्याने तो पट्टा बघितला आणि उडवला. त्या दिवशी विंडोज व्यवस्थित चाललं, कारण ते आधीच चालू होतं. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर काळ्या स्क्रीनवर 'नो सच पार्टिशन', त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. विंडोज शाबूत, त्याच्या फायली शाबूत. पण पहिला प्रोग्राम ज्या पार्टिशनमध्ये मेनू शोधत होता, त्याची नोंदच यादीतून गेली होती.

अशा वेळी मी डिस्कवरून मशीन चालू करायचा नादच सोडते. बूटेबल पेनड्राइव्ह लावते, 'ट्राय उबंटू' निवडते आणि डिस्कवर एक अक्षरही न लिहिता आत काय काय आहे ते बघते. विद्यार्थ्याला शेजारी बसवते. त्याचा डेस्कटॉप, त्याचे फोल्डर त्याला दिसले, की त्याचा चेहरा बदलतो आणि आदल्या दिवशी काय काय केलं ते आपोआप आठवायला लागतं. मग हवं ते आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचं. दुरुस्ती त्यानंतर.

गेमसाठी पट्टा उडवणाऱ्या त्या मुलाचं नशीब बरं होतं. गेम अजून डाउनलोडच होत होता, त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नव्हतं. पार्टिशन उडवलं तरी आतला मजकूर लगेच पुसला जात नाही, जाते ती यादीतली नोंद. टेस्टडिस्क नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम डिस्क चाळून जुन्या पार्टिशनच्या हद्दी शोधतो आणि ती नोंद पुन्हा लिहून देतो. नोंद परत आली, क्रमांकही तोच आला आणि ग्रबला आपला मेनू सापडला. हॉस्टेलमधल्या जाणकाराने आदल्या रात्रीच फॉरमॅट मारलं असतं, तर शोधायला काहीच उरलं नसतं.

नव्या लॅपटॉपमध्ये बायोसच्या जागी यूईएफआय आलं. तिथे ४४६ बाइटची दाटी नाही. डिस्कवर फॅट-३२ पद्धतीचं एक छोटं पार्टिशन असतं आणि त्यात विंडोजचा नि उबंटूचा फोल्डर शेजारी शेजारी नांदतात. कुणाला आधी चालू करायचं याची यादी मात्र डिस्कवर नसते, ती मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. त्यामुळे 'उबंटू उडालं' म्हणून आलेल्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा काहीच उडालेलं नसतं. अपडेटनंतर नाहीतर बायोस रीसेट झाल्यावर यादीत विंडोज वर गेलेलं असतं, एवढंच. चालू करताना बूट मेनूचं बटण दाबायचं, कुठे एफ-१२, कुठे एफ-९, कुठे एस्केप, आणि उबंटू निवडायचं. उघडलं, तर यादीतला क्रम बदलला की काम झालं.

उलटाही प्रकार होतो. उबंटू सुरू होतं, पण मेनूतून विंडोज गायब. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा भाग सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ बदलून मेनू नव्याने बनवला, की विंडोज परत यादीत येतं. पेनड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवायची वेळ आली, तर मी आधी एकच गोष्ट तपासते. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने चालू झालाय की जुन्या पद्धतीने? लॅपटॉपमधल्या सिस्टिम एका पद्धतीच्या आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीने चालू केलेला असला, तर कमांड बिनबोभाट चालल्या तरी रीस्टार्ट केल्यावर गाडं पुन्हा तिथेच अडतं.

असे लॅपटॉप बघता बघता माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. विंडोज स्वतःपुरतं ठीक असतं, उबंटूही स्वतःपुरतं ठीक असतं. वाटणी झालेल्या भावांचं भांडण घरात होत नाही, सामाईक विहिरीवर होतं, तसंच हे आहे. लॅपटॉपमध्ये अशा विहिरी मोजक्याच. चालू होण्याची यादी, घड्याळ, दोघांनी वापरायची ड्राइव्ह आणि मदरबोर्डवरची सेटिंगं. दोन्ही सिस्टिम बनवताना हे मशीन आपलं एकटीचं आहे असंच धरलेलं असतं. म्हणून 'कोणती बिघडली?' हा प्रश्न मी सोडून दिला. सामाईक गोष्टींपैकी शेवटचा हात कशाला लागला आणि कुणाचा, एवढंच शोधते.

घड्याळाचंच बघा. लॅबमधल्या काही मशीनवर विंडोजची वेळ चुकायला लागली. सकाळचे दहा वाजलेले आणि विंडोज साडेचार दाखवतंय. सेल गेला असेल म्हणून मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ बदलून झाला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. वहीत लिहून ठेवलेल्या वेळा बघितल्यावर लक्षात आलं, की फरक दर वेळी नेमका साडेपाच तासांचा आहे, वाढतही नाही, कमीही होत नाही. सेल संपला असता तर घड्याळ कुठल्यातरी जुन्या वर्षात गेलं असतं. साडेपाच तास म्हणजे आपली भारतीय वेळ आणि ग्रिनिच यांच्यातला फरक. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं. उबंटू इंटरनेटवरून वेळ जुळवून जागतिक वेळ लिहून जातं आणि विंडोज तीच स्थानिक समजून दाखवतं. दोघं आपापल्या परीने बरोबर. उबंटूला 'स्थानिक वेळ ठेव' असं सांगितलं, नाहीतर विंडोजच्या रजिस्ट्रीत 'घड्याळ जागतिक आहे' अशी नोंद केली, की वाद मिटतो. दोन्हीकडे मात्र करायचं नाही, नाहीतर तोच वाद उलट्या बाजूने सुरू होतो.

दोघांच्या ड्राइव्हची गोष्ट आणखी फसवी. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. तेव्हापासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येतं. त्या अवस्थेत डी ड्राइव्ह त्याच्या लेखी अजून उघडीच असते. मग उबंटूत गेलेल्या मुलाला ती ड्राइव्ह एकतर उघडत नाही किंवा नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हे झालं, की इंटरनेटवरचा कुठलातरी जबरदस्तीचा उपाय केला जातो आणि विंडोजने अर्धवट ठेवलेलं काम मोडतं. मुलांना मी सांगते, उबंटूत जायचं असेल तर विंडोज शट डाउन करू नका, रीस्टार्ट करा. रीस्टार्ट करताना ते खरोखर पूर्ण बंद होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी उलटंच सांगतेय असं वाटतं. लॅबच्या मशीनवर मी फास्ट स्टार्टअप बंदच करून ठेवलंय, दहा-पंधरा सेकंद जास्त लागले तर लागोत.

सेटिंगांचा घोळ नव्या लॅपटॉपमध्ये जास्त. उबंटू टाकायला घेतलं की इन्स्टॉलर म्हणतो, डिस्कच नाही. डिस्क असते, पण ती रेड किंवा आरएसटी मोडमध्ये असल्यामुळे त्याला दिसत नाही. कुणीतरी सांगतं, बायोसमध्ये जाऊन एएचसीआय कर. तसं केलं की उबंटूला डिस्क दिसते, आणि विंडोज निळ्या स्क्रीनवर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून बसून राहतं. आता फॉरमॅटशिवाय गत्यंतर नाही, असं सगळे म्हणतात. खरं तर सेटिंग पुन्हा होतं तसं केलं, की विंडोज जसंच्या तसं उठतं. मग त्यातूनच पुढचा बूट सेफ मोडमध्ये लावायचा, बायोसमध्ये एएचसीआय करायचं, सेफ मोडमध्ये विंडोजला नवा ड्रायव्हर उचलू द्यायचा आणि सेफ मोड काढून टाकायचा. काम दहा मिनिटांचं. पण क्रम चुकला तर दिवस जातो.

या सगळ्यात माझ्या धीराचा खरा कस लागतो तो एन्क्रिप्शनपुढे. पहिल्या वर्षाची एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. पेनड्राइव्ह चालू व्हावा म्हणून तिने सिक्युअर बूट बंद केलं होतं. त्यावर विंडोजने निळ्या स्क्रीनवर आपल्या डिस्क-एन्क्रिप्शनची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. अशा वेळी बदललेलं सेटिंग पहिल्यासारखं करून बघायचं, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. टीपीएम नावाची चिप सुरुवातीची अवस्था ओळखून ठेवते आणि ती पुन्हा जुळली की डिस्क मुकाट्याने उघडते. इथे एका सीनियरने मदत म्हणून ती चिपच क्लिअर करून ठेवली होती. आता कीशिवाय इलाज नव्हता. बिटलॉकरच्या डिस्कवर माझा पेनड्राइव्ह, टेस्टडिस्क, कशाचाच उपयोग नाही. डेटा समोर असतो आणि वाचता येत नाही.

की बहुतेक वेळा मालकाच्या ऑनलाइन अकाउंटवर साठवलेली असते. "अकाउंट कुणाचं आहे?" मी विचारलं. मुलीला माहीत नव्हतं. वडील म्हणाले, "ताई, दुकानदारानंच सगळं चालू करून दिलं होतं. ओळखीचाच आहे तो." तालुक्याच्या गावात असंच चालतं. गिऱ्हाइकाकडे ईमेल नसतो, असला तर पासवर्ड आठवत नाही. मग दुकानदार आपल्याच अकाउंटवर सेटअप उरकतो. त्या माणसाच्या एका अकाउंटवर कितीतरी घरांचे लॅपटॉप जोडलेले होते आणि त्या सगळ्यांच्या रिकव्हरी की त्याच्याकडे पडून होत्या. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्याकडे काय ठेवलं गेलंय, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

आमच्या स्क्रीनवर की आयडी होता. त्याची पहिली आठ अक्षरं मी फोनवर सांगितली, दुकानदाराने यादीत ती शोधली आणि आकडे वाचायला सुरुवात केली. जोडीजोडीने वाचायला लागला तेव्हा एकोणसाठ की एकोणसत्तर यातच आम्ही अडकलो. मग एकेक आकडा सुटा घ्यायचं ठरलं. सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे लिहिताना चूक झाली तर सापडते. मुलगी मोबाइलवर प्रत्येक गट भागून बघत होती. एका गटाला भाग जाईना. पुन्हा विचारलं, तर दोन आकडे मागेपुढे झालेले. शेवटचा गट टाकल्यावर तिचा डेस्कटॉप उघडला. मी तिला उठू दिलं नाही. तिथेच तिचं स्वतःचं अकाउंट काढलं, जुनं हटवलं, नवी की तयार करून कागदावर छापली. वडिलांनी तो कागद पिशवीतल्या बँकेच्या पासबुकात ठेवला. मला ती जागा योग्य वाटली.

सामाईक गोष्टींवर दूर कुठेतरी घेतलेल्या निर्णयाचाही हात पडतो. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटनंतर जगभरातल्या दोन सिस्टिमच्या अनेक मशीनवर लिनक्स सुरू होईना. स्क्रीनवर ओळ यायची, 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग'. ग्रबच्या जुन्या, धोकादायक आवृत्त्या अडवण्यासाठी मदरबोर्डवरच्या मेमरीत एक नियम लिहिला गेला होता आणि त्या नियमात चांगली चाललेली लिनक्सही अडकली. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समधून तो नियम काढायचा, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं, असा उपाय होता. पण बिटलॉकरवाल्या मशीनवर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी रिकव्हरी की हातात हवी, हे ज्याला माहीत नसेल तो एका अडचणीतून दुसरीत गेलाच.

एवढी डोकेदुखी असेल तर दोन सिस्टिम ठेवायच्याच कशाला, असं नवे सर विचारतात. विंडोजच्या आतच लिनक्स चालवता येतं, व्हर्च्युअल मशीन आहे. जिथे १६ जीबी रॅम आहे तिथे मी स्वतः तेच सुचवते. पण चार जीबीच्या मशीनवर एका सिस्टिमच्या पोटात दुसरी चालवायची म्हणजे दोन्ही रखडतात. शिवाय मशीन चालू होताना काय काय घडतं ते डोळ्यांनी बघायला मिळतं ते दोन सिस्टिमच्याच मशीनवर. पुस्तकात बूटिंगचं एक पान असतं. ग्रब रेस्क्यूसमोर बसलेला मुलगा ते पान पुन्हा कधी विसरत नाही.

आता हे काम वाढेल असं दिसतंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. लॅबमधली जुनी मशीन त्यात बसत नाहीत आणि मुलांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेले जुने लॅपटॉपही बरेचदा बसत नाहीत. अशा मशीनवर विंडोजशेजारी लिनक्स येणार, ते हौसेने नाही तर गरजेने. हौशी माणूस निदान वाचून करतो. गरजेपोटी करणारा व्हिडिओ बघत, घाईत करतो, म्हणून त्याला आधी चार गोष्टी सांगाव्या लागतात. डेटा बाहेर काढून ठेव. बिटलॉकर आहे का बघ आणि की लिहून घे. फास्ट स्टार्टअप बंद कर. बायोसमध्ये जे बदलशील त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढ.

लॅबसाठी मी हेच वहीत सुरू केलंय. प्रत्येक मशीनचं एक पान, कुणी कधी काय बदललं त्याची नोंद. त्याचा उपयोग भलत्याच ठिकाणी झाला. वर्षाअखेरीस डेड स्टॉक रजिस्टर निघतं, निकामी मशीनच्या निर्लेखनाची यादी बनते आणि कारणाच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहिलं जातं, 'चालू होत नाही'. या वेळी यादी सहीला जायच्या आधी मी तिच्यातलं एकेक मशीन पेनड्राइव्हवर चालवून बघितलं. काहींची डिस्क खरोखर गेलेली होती, त्यांच्यापुढे तसं लिहिलं. बाकीच्यांपुढे लिहिलं, 'डिस्क व रॅम ठीक, फक्त बूट नोंद गेलेली, दुरुस्त केली.' हेड सरांनी ती मशीन यादीतून काढली. पहिल्या वर्षाची सी प्रोग्रामिंगची बॅच सध्या त्यांच्यावरच बसते.